अंगठ्याखालचं बटण

माहीम, ऑक्टोबर १९९६

प्रिय प्रेमला,

बंगलोरचा पत्ता तुझ्या मावशीकडून मिळवला, रागावू नकोस. वाडीत यंदा पानवेल छान चढलीय. पडवीत बसून तू मला संगणकाच्या गाभ्याचं, त्या 'कर्नल'चं, काम समजावलं होतंस ना? संगणक सुरू झाला की गाभा आधी मुख्य वाटेला हाक मारतो, मग त्या वाटेवरच्या कार्डांना, मग कार्डांना जोडलेल्या वस्तूंना. जी ओ देईल तिच्याशी बोलायला तिचा ड्रायव्हर, म्हणजे दुभाषा, लावून देतो. मी म्हटलं, ही तर आमच्या कॉन्व्हेंटमधली हजेरी! "माई, आमच्या सरांपेक्षा बरं शिकवाल तुम्ही," असं म्हणून तू हसलीस. कृष्णकांत खाटेवरून ऐकत होता. मनोरच्या अपघातात त्याची वाचा गेली, गळ्याखाली उजवा अंगठा तेवढा हलतो. तू बनवलेलं बटण त्याने दाबून तो पडद्यावरचं एकेक अक्षर निवडायचा. पहिलं काय लिहिलं, तर 'आई, आमटी खारट'!

गणपतीनंतर विजेचा दाब अचानक वाढला आणि तो संगणक, तुझा ड्रायव्हर होता त्या डिस्कसकट, जळाला. बटण आणि ते ज्याला जोडलंय ते तुझं कार्ड तेवढं वाचलं. बोईसरच्या दुकानातल्या रामनाथने नवा संगणक आणला, कार्ड बसवलं, आणि डोकं खाजवत म्हणाला, "माताजी, कार्ड तो ठीक है, पर मशीन इसको पूछती ही नहीं." पडद्यावर ओळी धावतात, डिस्क सापडते, कीबोर्ड सापडतो. प्रत्येक इंग्रजी शब्द मी वाचते. बटण काही येत नाही. तुझा ड्रायव्हर या गाभ्यात नाही, तर कुठल्या पत्त्यावर हाक मारायची हे त्याला कळणार कसं? मुलगी बाकावर बसलीय आणि पटावर तिचं नावच नाही.

आता एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. त्याचं करायला येणारी भागी म्हणते, "दादा हाय-नाय तेवढंच सांगतो, माई. बाकीचं पोटातच ऱ्हातं." दुखतंय का, तहान लागली का, माझ्यावर रागावलास का... माझे प्रश्न संपले गं. जेवणही सुटत चाललंय त्याचं.

तू गेलीस ती त्याच्याच सांगण्यावरून, मला ठाऊक आहे. 'माझ्यासाठी थांबू नकोस, जा' म्हणणाऱ्या त्या तीन ओळी बटणाने लिहायला त्याला अख्खी दुपार लागली होती. काल मी विचारलं, प्रेमलाला बोलावू? त्याने दोनदा डोळे मिटले. का रे, म्हटलं खरं, पण 'का'चं उत्तर डोळे मिटून देता येत नाही. म्हणून त्याच्या नकळत लिहितेय. ड्रायव्हरची प्रत असेल ना तुझ्याकडे? नसली तरी ये. काम करून लगेच परत जा, मी अडवणार नाही. त्याला नाहीच म्हणायचं असेल, तर ते त्याला शब्दांत म्हणू दे.

तुझीच,
माई