न भाजलेला राब

पाली, जि. रत्नागिरी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय शुभंकर,

साडेचार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंसुलटं केलं असशील. फोन केला असता, पण तू मध्येच "असू दे रे" म्हणाला असतास आणि मी ते लगेच मान्य केलं असतं. वहिनींना नमस्कार. ईशा आता दहावीत असेल.

इकडे सगळं ठीक. भात झोडून झालं, पेंढ्याची उडवी रचली, मोकळ्या शेतात कुळीथ पेरला. तुझी मृणालीवहिनी देवरूखच्या कॉलेजात शिकवते, एसटीने जाते-येते. लोटे एमआयडीसीतली रसायनांची कंपनी आणि तो पगार सोडल्याचं वाईट वाटत नाही. सांडपाण्याच्या त्या अहवालावर तू सही केलीस, त्या दिवशी मी तापाने घरी होतो. महिनाभरात राजीनामा दिला. मला खोट्यावर जगायचं नाही, असं तेव्हा ज्याला त्याला सांगत होतो. इथे आल्यावरही सांगत राहिलो.

आता या वर्षीचं सांगतो. भाताची रोपं काढायच्या वाफ्यावर इथे उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तणाचं बी मरतं. मी वाचलं होतं की मातीतले जीवही मरतात, म्हणून भाजला नाही. शेजारचे केरूदादा बांधावरून म्हणाले, "सायब, पुस्तकात तण उगवत नाय. राब भाजा."

जुलैत ते पुन्हा बांधावर आले. "तुमच्या वाफ्यात तरवा कुठचा नि गवत कुठचं, ता आता गायीलाच विचारा." तरवा म्हणजे रोपं. त्यांची उरली होती, मीच दिलेल्या तांबड्या भाताच्या बियाण्याची. "न्या. पन मूठभर युरिया मारलाय हां, आधीच सांगतंय."

मी नेली. अर्ध्या शेतात लावली.

आमचा सेंद्रिय शेतकऱ्यांचा पाच घरांचा गट आहे. दरवर्षी एकमेकांची शेतं तपासायची, शेजाऱ्याची साक्ष घ्यायची, मग पोत्यांवर गटाचा शिक्का. जो लपवेल तो वर्षभर बाहेर, हा नियम मीच सुचवलेला. सप्टेंबरात गटप्रमुख दमयंतीकाकी तपासणीला आल्या. बांधावर उभ्या राहूनच म्हणाल्या, "तुमचं काय बघायचं? नियम तुम्हीच शिकवलेत आम्हाला." कागदावर प्रश्न होता : रोपं दुसऱ्याच्या शेतातून आणली का? मी 'नाही' लिहिलं. साक्षीदार केरूदादा. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

एवढ्याशा युरियाने तांदळाला काही होत नाही. हे मला रसायनशास्त्र म्हणून माहीत आहे, आणि मी दीड-दोन महिने स्वतःला तेवढंच सांगत होतो.

परवा केरूदादांना विचारलं, का केलीत सही? ते विळ्याला धार लावत होते. "काय करू? तुमचा तोंड बघवत नव्हता. बरं, आता पुढल्या वर्षी तरी भाजा." मग माझ्याकडे न बघता, "ह्याच्या आधी मी खोट्या कागदाला अंगठासुद्धा दिलेला नाय, सायब."

तेव्हापासून मला तू दिसतोयस.

शुभंकर, त्या दिवशी मला ताप नव्हता. पहिला नमुना नापास झाल्याचं मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. सकाळी दुसऱ्याच स्वच्छ पाण्याचा नमुना दाखवून अहवाल जाणार, आणि त्यावर सही माझी लागणार, हेही. मी रजेचा फोन केला. माझ्यानंतर तुझंच नाव होतं. तू मला दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. मग राजीनाम्यात तुझं नाव लिहिलं आणि ताठ मानेने बाहेर पडलो. तुझी बढती अडली, बदली झाली. ते ऐकून मी म्हणालो होतो, प्रत्येकाने आपल्या सहीचं बघावं.

तू चूक केलीस हे मी अजूनही म्हणेन. पण ती करायला तुला त्या खुर्चीत मी बसवलं.

रविवारी गटाची बैठक आहे. तिथे उभं राहून सांगणार आहे की रोपं बाहेरची होती, केरूदादांनी युरियाचं मला आधीच सांगितलं होतं आणि साक्ष माझ्यामुळे दिली. वर्षभर शिक्का मिळणार नाही. या घरात जगायला खोट्याशिवाय दुसरं काही आहे की नाही, हे तेव्हा कळेल. काकींची भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

गटाआधी तुला सांगायला हवं होतं, म्हणून आजच टपालात टाकतो. उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. फोन केलास तर मात्र उचलेन, या वेळी पहिल्याच रिंगला.

त्या सकाळी घरीच असलेला, ठणठणीत,
विनीत