जर्मलचा कॅमेरा

२ जुलै १९४८, हिंगोली

रामकिशनचा फोटो काढला. एकट्याचा नाही — त्याच्यासकट टोळीतल्या सातही जणांचा! भर दुपारी, शेतात. उद्या पैनगंगेपलीकडच्या कॅम्पात जाणार, निजामाशी लढणार, आणि आज यांना फोटो हवा! मी म्हटलं, रोल पकडला तर सातांच्या घरांवर नांगर फिरेल. तर म्हणतो, "आमी मेलो तं कोण व्हतो हे दिसू दे कोणाला तरी." शाळेपासून असाच हट्टी.

स्टुडिओतला पितळी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यासकट नेला असता तर गावभर बोभाटा. म्हणून हलका, अॅल्युमिनियमचा नेला. आई त्याला जर्मल म्हणते, पातेल्यासारखं! पितळ वीस वर्षं पडतंय, पोचे खातंय, पण मरत नाही. या जर्मलवर माझा काडीचा भरवसा नाही.

रोल धुवायचं औषध संपलंय. बाजारात नाही. रोल आतच.

६ जुलै

निजामाच्या पोलिसांच्या घरोघर झडत्या. आईने कॅमेरा राखेच्या रांजणात पुरला. "राखंत किडा लागत न्हाई. पितळ तं उजळतंय. ह्याला काय व्हतंय?" ठीक.

२९ जुलै

झड लागलीय. रांजणावरचं कौल गळतं. हलवू कसा? समोरच शिपाई बसलाय.

२४ ऑगस्ट

सापडला!! अंमलदाराने रांजण फोडला. ओल्या राखेचा चिखल, त्यात कॅमेरा. "किसकी तस्वीरां हैं?" लग्नाची, म्हणालो. "धो. मेरे सामने." औषधही तोच घेऊन आला.

अंधारी खोली, लाल दिवा, मानेवर त्याचा श्वास. रोल औषधात सोडला. आता चेहरे उमटणार — सात घरं बुडणार, माझ्या हाताने!

रोल काळा पडला. सगळाच. काळा ठिक्कर! त्याने उजेडात धरून पाहिला, शिवी हासडली, निघून गेला.

मग कॅमेरा पुसला. राखेच्या पाण्याने जर्मल खाल्लेलं, पाठीला भोकंच भोकं; तिथूनच उजेड रोलपर्यंत पोचलेला. पितळ असतं तर नुसतं हिरवं पडलं असतं, आणि सातही घरं गेली असती. आईच्या पायावर डोकं ठेवलं. "काहून रडून राहिला रे?"

२० सप्टेंबर

निजाम शरण आला. कॅम्पातून सहा जण परतले. रामकिशन नाही.

संध्याकाळी त्याची बायको सखुबाई आली, महिन्याचं लेकरू घेऊन. "भावजी, ह्यानं बाप पाह्यला न्हाई. तुमच्यापाशी फोटो हाये म्हणं."

ती अजून ओसरीवर बसली आहे.