बर्फ बघायला एकटीच

अहो,

टॅक्सी खाली आलीय. दक्षिण ध्रुवाकडच्या बोटीवर मी एकटीच चाललेय, कारण "जन्मभर बर्फाच्या कारखान्यात कुडकुडलो, आता पैसे मोजून बर्फ बघायला येणार नाही," हा तुमचा हेका काही सुटला नाही. वर अबोला धरलात. मग माझ्या बॅगेत तुमचं कारखान्यातलं जाड जाकीट कोणी कोंबलं? मशीनच्या तेलाचा वास मारतोय त्याला, पेंग्विन पळून जातील. तरी तेच घालणार आहे.

जेवण फ्रीजमध्ये आहे. गरम करून खा, थंडगार गिळू नका.

निरोप घ्यायला खोलीत आले होते. तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत, मीही घेऊ दिलं. पुढच्या वेळी फक्त घोरायला विसरू नका.