त्या बाईचं ठाण

॥ श्री ॥
बोरिवली, मुंबई
१२ जानेवारी १९७८

ती. दादास,
कौशल्याचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. अक्षर एवढं बारीक, की यांनी शेजारून भिंग मागून आणलं. एका कार्डात नागपूरचा सगळा महाल कोंबू नकोस रे, आंतरदेशीय घेत जा.

बातमी मोठी आहे. हे ज्या कंपनीत माल तपासतात ती आजवर बाहेरदेशी सुती शर्ट पाठवायची. आता पॅरिसच्या एका नावाजलेल्या पेढीला आपलं कोशाचं कापड हवं आहे. इथे त्याला टसर म्हणतात. तिकडच्या श्रीमंत बायकांना गुळगुळीत रेशमाचा वीट आला म्हणे. धागा जाडबारीक आहे, गाठी दिसताहेत, असं कापड आता त्यांना भारी वाटतं. पॅरिसमागून जपान आणि अमेरिकाही मागेल असं साहेब म्हणतात. यांनी धीर करून बाबांचं नाव सुचवलं आणि साहेबांनी पहिल्या चाळीस ठाणांचं काम आपल्या घराला दिलं!

तेव्हा माग विकून चौकीदारी धरण्याचं तू लिहिलं होतंस, ते आता डोक्यातून काढून टाक. इतवारीतले व्यापारी टेरेलीनच्या नादाने लुगडी घेईनात, म्हणून बाजार ज्याला ‘भैयाजींचा हात’ म्हणतो, तो आपल्या बाबांचा हात मातीत जायला नको. तो त्यांच्यामागे तुझ्यात राहावा, एवढंच मला वाटतं. बाकी मुंबईला काय हवं नि पॅरिसला काय हवं, माझं काही अडलेलं नाही.

एक मात्र बाबांना नीट समजावून सांग. सोबत वीतभर नमुना पाठवते. कापड हुबेहूब तसंच हवं. काठ नको, शंखाने घोटणं नको, गाठी आहेत तशा राहू द्यायच्या. यांनी शब्द दिला आहे.

बाबांना साष्टांग, गोपिकावहिनीला नमस्कार. आठवण काढत जा, नुसती सणावारी नको.
तुझी,
कौशल्या


महाल, नागपूर
३ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. कौशल्या हीस,
बळीरामचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, बाबांचा खोकला सोडून.

मुकुंदरावांना सांग, की भिंग परत करू नका, पुढेही लागेल.

नमुना बाबांना दाखवला. डोळ्यांना आता कमी दिसतं, म्हणून ते कापड बोटांनी वाचतात हे तुला ठाऊकच आहे. दोनदा हात फिरवला आणि विचारलं, की हे कोण्या नवशिक्यानं विणलं गा? मी सांगितलं, की असंच पाहिजे आहे. त्यावर म्हणाले, की आपल्या घरून असं फटकूर गेलं त लोक तोंडात शेण घालतीन. मग तू लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. नमुना पुन्हा एकदा चाचपला. शेवटी म्हणाले, की पोरीच्या घरधन्याचा शब्द आहे, विणू.

काम लागलं, कौशल्या. दोन वर्षांनी घरातले दोन्ही माग एकदम चालू आहेत. बाबा मागाच्या खड्ड्यात उतरले, की अजूनही धोटा असा जातो, की मी माझा माग थांबवून ऐकत बसतो. तुझी वहिनी दिवसभर धागा वळते. तो मांडीवरच वळावा लागतो, त्याने कातडी सोलवटली आहे. राख लावते आणि पुन्हा बसते. तिकडच्या बायकांना हे सांगायची गरज नाही.

मुकुंदरावांना दोन घास जास्त वाढत जा. मागच्या खेपेला फणीसारखे दिसत होते. तुमचा लोभ आहे तसा राहो.
तुझा दादा,
बळीराम


बोरिवली, मुंबई
२० मे १९७८

ती. दादास सा. न. वि. वि.

आज थट्टेला जागा नाही. यांनी तपासायच्या आतच साहेबांनी पोती उघडली आणि चाळीसच्या चाळीस ठाणं नापास केली. साहेबांनी ती यांच्या टेबलावर सगळ्यांसमोर टाकली आणि विचारलं, की नमुना काय आणि माल काय. एकाही ठाणात गाठ नाही. वर शंखाने घोटून आरशासारखं केलेलं. यांना जागेवरून काढून गोदामात बसवलं आहे. पावसाळा संपायच्या आत नमुन्याबरहुकूम दुसरी ठाणं दिली तर ठीक, नाहीतर नोकरी गेली असं समजायचं.

यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच सोसवत नाही. दादा, मी इतकं बजावून लिहिलं होतं. हे झालं कसं?
कौशल्या


महाल, नागपूर
२ जून १९७८

चि. सौ. कौशल्या हीस अनेक आशीर्वाद.

मुकुंदरावांपुढे कोणत्या तोंडाने उभं राहू ते कळत नाही. चूक झाली ती माझ्यामागे झाली. एप्रिलमध्ये मी कोसा आणायला आरमोरीकडे गेलो होतो, तिथे पंधरा दिवस मोडले. तेवढ्यात बाबांनी सगळी ठाणं ओट्यावर घेतली. तुझ्या वहिनीला हाताशी धरलं, सुई आणि चिमटा घेतला आणि एकेक गाठ शोधून काढली. त्या उन्हात पंधरा दिवस. मग घोटली, पोत्यात शिवली, आणि मला त्रास नको म्हणून आपणच रेल्वेत टाकून आले.

मी संतापलो. बापावर आवाज चढवला, तो गेल्या वीस वर्षांत चढवला नव्हता. ते बावरले. म्हणाले, की पाहुण्याले भात वाढाचा त खडे निवडूनच वाढतो ना गा. त्याईनं नाई म्हटलं म्हणून का खडे तसेच ठेवाचे? त्यांना खरंच वाटलं होतं, की पॅरिसवाले भिडेपोटी नको म्हणाले.

दुसरी ठाणं मी वेळेत देतो. वाईट विणायला शिकतो आहे. हसू नकोस, सोपं नाही ते. हात आपोआप धागा सारखा करतो, त्याला मारून मुटकून अडवावं लागतं. या खेपेला बाबा हात लावणार नाहीत, ते मी बघून घेतलं आहे. कसं ते विचारू नकोस.

मुकुंदरावांनी मला पदरात घ्यावं.
बळीराम


बोरिवली, मुंबई
९ फेब्रुवारी १९७९

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, जिंकलास! हे पुन्हा आपल्या टेबलावर बसले, तेही मोठ्या. पॅरिसहून एक मासिक आलं, त्यातलं हे पान साहेबांनी यांना दिलं आणि यांनी मला. ही उंच बाई बघ. तिचा कोट बघ. आपलं कापड आहे ते! खांद्यावरच्या गाठीसुद्धा दिसतात. कोटाची किंमत लिहीत नाही, लिहिली तर पत्र खोटं समजशील. आता टोकियोमधल्या दुकानांतही जाणार आहे.

हे पान बाबांच्या हातात दे आणि सांग, की तुमच्या मागावरचं कापड कुठे जाऊन पोचलं ते पाहा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनीच्या मांडीवरचा धागा आणि ही बाई!

तुझ्या मायेत आहे, तशीच राहू दे.
तुझी,
कौशल्या


महाल, नागपूर
१० फेब्रुवारी १९७९

चि. सौ. कौशल्या हीस अनेक आशीर्वाद.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, ती सांगून ठेवतो, म्हणजे तुझ्याकडून अनवधानाने काही व्हायला नको. दुसऱ्या खेपेला बाबांनी कापडाला हात लावू नये म्हणून मी त्यांना खोटं सांगितलं. हे कापड अंगावर घालायचं नाही, तिकडे भिंतींना लावतात, असं सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, की तिथल्या भिंतीईची बरी मजा आहे. तेव्हापासून शांत आहेत, माझ्या ठाणांकडे वळूनही बघत नाहीत. तेव्हा पत्रात, निरोपात, कोणी नागपूरला येणार असेल त्याच्याकडून, कपड्याबिपड्यांचा विषय निघू देऊ नकोस.

तुझ्यासाठी वहिनीने सांडगे करून ठेवले आहेत. मुंबईच्या पोटाला झेपतील इतकंच तिखट घातलं आहे, असं ती म्हणते. माया असू दे.
बळीराम


बोरिवली, मुंबई
१४ फेब्रुवारी १९७९

दादा, तुझं पत्र आत्ता मिळालं. माझं पाकीट पोचायच्या आधी तू घरी आहेस ना? ते बाबांना देऊ नकोस. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत उशीर झालेला असेल हे कळतं आहे, तरी लिहिते.
कौशल्या


महाल, नागपूर
१ मार्च १९७९

चि. सौ. कौशल्या हीस आशीर्वाद.

पाकीट आलं तेव्हा मी सदर भागात विणकर सोसायटीच्या कचेरीत गेलो होतो. बाबांनी ते फोडलं. चित्र वाचावं लागत नाही. दारात उजेडाला धरून बराच वेळ पाहिलं, आणि तुझ्या वहिनीला विचारलं, की हे बाई कोण आणि तिनं काय घातलं? ती बिचारी, तिला खोटं येत नाही, तिने सांगून टाकलं.

मी आलो तेव्हा माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. तेही नाही. म्हणाले, की त्या बाईले कोणी सांगतलं नसन का गा, तुले फसवलं म्हणून? त्यांना माझा राग नाही आला, कौशल्या, त्या बाईची कीव आली. कोण्या बापाची लेक, एवढी चांगल्या घरची दिसते, आणि आपल्या घरून तिच्या अंगावर हे गेलं. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मागाला ताणा लावायला घेतला. त्या बाईसाठी एक ठाण विणणार आहेत. निर्मळ, एक गाठ नसलेलं. तू ते तिच्यापर्यंत पोचवायचं, असं तुला लिहायला सांगितलं आहे.

लिहिलं. आता तू काय ते ठरव.
बळीराम


बोरिवली, मुंबई
१२ मार्च १९७९

ती. दादास सा. न. वि. वि.

मी काय ठरवू? ती बाई पगारी आहे, दादा. कपडे घालून उभं राहायचं, फोटो काढून घ्यायचा आणि कपडे परत द्यायचे, हा तिचा धंदा. तिचं नावही कोणाला माहीत नाही. बाबांना हे समजावून सांग. त्यांची छाती या उन्हाळ्यात मागावर टिकायची नाही.

आणि लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच हवं. साहेबांना आता दुप्पट ठाणं हवी आहेत. गाठी थोड्या ठळक. यांच्याने नाही म्हणवत नाही.

रागावू नकोस. पदरात घेत राहा.
कौशल्या


महाल, नागपूर
६ एप्रिल १९७९

चि. सौ. कौशल्या हीस आशीर्वाद.

समजावलं. बाबा म्हणाले, की तिनं नसन घेतलं त दुसऱ्या कोण्या बाईनं घेतलं असन. तिच्यासाठी समज. यावर तुला उत्तर सुचलं तर कळव.

दुप्पट ठाणं देतो. आता मारून मुटकून करावं लागत नाही. एका मागावर बाबा, दुसऱ्यावर मी. ते दिवसाला चार बोटं विणतात, निम्मी उसवतात, आणि खोकला आला, की कापडापासून तोंड वळवतात. मी त्यांच्याकडे पाठ करून बसतो.

मुकुंदरावांना नमस्कार. लोभ आहे, तो आटू नये.
बळीराम


महाल, नागपूर
२८ ऑक्टोबर १९७९

चि. सौ. कौशल्या हीस आशीर्वाद.

तेराव्यानंतर तू गेलीस आणि घर अगदी ओकंबोकं झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक दारावरून जात होती आणि आत बाबा गेले. तो गोंगाट अजून कानातून जात नाही.

आज दुसरंच लिहायचं आहे. बाबांचं ठाण तू पाहिलंसच, मागावर चारातले तीन हिस्से पुरं होतं. उरलेलं मी पुरं करीन असं तुला म्हणालो होतो. दसऱ्यापासून बसलो आहे. त्यांचाच ताणा, त्यांचाच धोटा, धागा वहिनीने निवडून निवडून वळलेला. आणि माझ्या हातून सारखं विणलं जात नाही. बोटभर नीट जातं, की धागा जाड पडतो. मी पाडत नाही, तो पडतो. तीनदा उसवलं. दीड वर्ष हाताला जे शिकवलं तेच तो करतो आहे. बाबा कुठे संपले आणि मी कुठे सुरू झालो, हे डोळे मिटून कोणीही सांगेल.

चौथ्यांदा उसवलं नाही. तसंच पुरं केलं आणि पार्सलने पाठवतो आहे. त्यांनी पोचवायला सांगितलं होतं. तुमच्याने होईल ते करा.

दिवाळी केली नाही. वहिनी तुझी आठवण काढते.
बळीराम


बोरिवली, मुंबई
९ डिसेंबर १९७९

ती. दादास,
कौशल्याचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहून फाडलं. खरं तेच लिहिते, तुझ्याशी खोटं बोलून काय मिळवू?

मी हट्ट धरला, म्हणून हे ठाण घेऊन साहेबांकडे गेले. पॅरिसला जाणाऱ्या गाठोड्यात हे एक वेगळं घालावं, सोबत दोन ओळी लिहाव्यात, एवढंच मागायचं होतं. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी ठाण टेबलावर उलगडलं. तुझ्या हिश्श्यावरून हात फिरवला आणि खूश झाले. भैयाजींचा हात तो हाच, असं म्हणाले. मग बाबांच्या हिश्श्यावर आले आणि कपाळाला आठी पडली. यांना विचारलं, की हाताच्या कापडाला हे मशीनचं कापड कोणी जोडलं? विणकर हल्ली लबाडी करू लागलेत, नीट बघून घेत जा. आणि शिपायाकडून कात्री मागवून तेवढं कापून टाकलं.

हे उभे होते. बाबांचं कापड वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि चपला न काढता तसेच खुर्चीत बसून राहिले. मला यांचा भयंकर राग आला, आणि मग माझा स्वतःचा आला. कारण सुरुवात मी केली होती, पहिल्याच पत्रात, आनंदाने.

कापड माझ्यापाशी आहे. दिवसातून एकदा मी त्यावर हात फिरवते. मला विणकाम येत नाही, तरी बोटांना कळतं.

दादा, पुढची ठाणं दे अगर नको देऊस, मी आता काही सांगणार नाही. पण तू पुन्हा सारखं विणायला शीक. कोणाकडे शिकशील, हे मात्र मला कितीही विचार करून सुचत नाही.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागाव, पण लिहीत जा.
तुझी,
कौशल्या