डब्यात घातलेला आकडा

साहेब, तुमी जाऊन बारा वर्सं झाली. तुमच्या पोरानं तुमच्या नावानं कार्यक्रम ठेवलाय. म्हणाला, "काका, बाबांवर चार शब्द बोला." न्हाय म्हणालो. खोटं बोलायचा मला कंटाळा हाय.

हवाई दलात आपण दोगं जमिनीवर विमानं नीट ठेवणारे. लढाऊ विमानात वाट दावणारा डबा तुमचा, रेडिओ माझा. मी कसाबसा मॅट्रिक, तरी मला कळत हुतं. तुमच्या डब्यात भोवरे फिरत्यात. उडायच्या आदी त्याला सांगायचं, तू हितं उबा हायस. मग किती सरकलो, कुठं वळलो, ह्ये त्यो आपलं आपण मोजतोय. पण चूक साठत जाती. म्हणून माझा रेडिओ जमिनीवरच्या टॉवरचं ऐकून त्याला सांगायचा, बाबा, तू भलतीकडं चाललायस. दोगांना जोडायचं नवं काम आलतं, आणि तुमाला त्येच सोसत न्हवतं. सगळ्यांदेखत म्हणायचा, "ह्येचा रेडिओ म्हंजे चावडी. कुणीबी यावं, बोलून जावं."

त्या दिवशी आपण दुसऱ्या तळावर गेलतो. विमान उबं हुतं त्या जागेचा आकडा तुमी डब्यात घातला. एक अंक चुकला. कागद बघितला न्हाय, तुमाला सगळं पाठ की. वर ढगात माझा रेडिओ खरी जागा सांगतोय आणि तुमचा डबा त्ये चूक समजून फेकून देतोय. पायलट शाणा. डब्याचा नाद सोडून रेडिओवर आला, न्हायतर डोंगरात गेलता. आणि तुमी विमानाच्या दोषांच्या वहीत काय लिवलं? रेडिओत दोष. मी त्यो रेडिओ तीनदा तपासला, कायबी न्हवतं. माझी बढती मातर गेली.

रिटायर झाल्यावर शाहूपुरीत तुमच्या सैपाकघरात जेवाय बसलोतो. वैनी भाकऱ्या थापत हुत्या. तुमी पावण्यांना सांगताय, "माझ्या डब्यानं विमान सुखरूप आणलं."

मी म्हणालो, "साहेब, त्यो आकडा?"

"जेव की गप."

जेवलो. असल्या माणसावर काय बोलायचं?

ही चिठ्ठी पोराला देणार न्हाय. कारण ऐका. तुमी आकडा घालताना मी शिडीवर मागंच हुतो. चुकलेला अंक मला दिसला. म्हटलं, जिरू दे एकदा ह्येंची. पायलट माझ्याम्होरं पट्टा आवळत हुता. मी काय न बोलता खाली उतरलो.