पिंपाचा वास

बाबा, त्या तापानंतर तुम्हाला खरंच वास येत नाही, की मी खोन केन शहरातल्या शाळेत जाऊ नये म्हणून नाटक करताय? हा प्रश्न माझा नाही हं! माझ्या मैत्रिणी तुकता आणि मिंट म्हणाल्या, "हिंमत असेल तर विचारून दाखव."

पण उत्तर आज मिळालंच. पहाटे वीज गेली, पिंपातला हवेचा पंप बंद पडला आणि झाडांना घालायचा खताचा चहा, म्हणजे गूळ-गांडूळखत भिजवलेलं पाणी, नासला. कुजक्या अंड्यांसारखी घाण सुटली होती. तुम्ही मात्र मला न उठवता तोच गाळून आपल्या परवान्याच्या गांजाच्या दोन ओळींना घातलात. वर म्हणालात, "तू गेल्यावर माझं मलाच जमायला हवं ना, पोरी?" मग मी मुळांशी साधं पाणी ओतत राहिले, तरी पानांनी माना टाकल्यात. याहून जास्त मला काही येत नाही.

आई, पिंपात उरलेलं बांधापलीकडे ओत. वीज आल्याशिवाय गूळ-गांडूळखत भिजवू नका. चिकट भात टोपलीत आहे.

मी इथल्या शाळेत बाईंना सांगायला निघालेय. दोघांनी काय ओरडायचं ते संध्याकाळी ओरडा. मी ठरवलंय, यंदा खोन केनला जाणार नाही.

— खाउफांग