बिनवायरची गन आणि बारा टॅक्सी

२८ सप्टेंबर २००८, रविवार
बिनवायरची हीट गन आली. लायटरचा गॅस भरायचा, बटण दाबायचं, गरम हवा. गाडीची मागची काच वळलेली असते. गरम हवेने काळी फिल्म आकसते आणि काचेवर नीट बसते. आता चेन्नईत लाइट गेली की बाकीचे फिल्मवाले हात चोळत बसणार. आवडी उपनगरातल्या कारखान्यातली नोकरी सोडल्याचं सार्थक झालं.
क्षमाला तसं वाटत नाही. तिच्या बँकेने नाशिकला बदली दिली आहे. दसऱ्यापर्यंत तुम्हाला पक्कं काम मिळालं तर बदली नाकारीन, नाहीतर आपल्या लेकीला, अवनीला घेऊन जाईन, म्हणाली. अजून अकरा दिवस आहेत. भरपूर झाले.

२ ऑक्टोबर
शेजारच्या तुळजाजींच्या गाडीवर सराव. फिल्म आकसून रुमालाएवढी झाली. गनमध्ये ताकद आहे, हे सिद्ध.

४ ऑक्टोबर
टॅक्सीवाले राममूर्ती भेटले. विजयादशमीला एक गाडी करून दाखव, जमली तर बाराही तुझ्याच, म्हणाले. क्षमाला सांगितलं. तिने पोळी गरम वाढली.

८ ऑक्टोबर, आयुधपूजा
आपली खंडेनवमीच. गनची साग्रसंगीत पूजा. नळीला गंध, कुंकू, हवेच्या भोकांनाही. तुळजाजी म्हणाले, हत्याराच्या तोंडाला लावू नकोस, खोक्याला लाव. ते सीटकव्हर शिवतात, त्यांना गनमधलं काय कळणार. आज हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून चालवून पाहिली नाही.

९ ऑक्टोबर, दुपारी १
राममूर्तींकडे लाइट नव्हती. म्हणजे माझाच दिवस. गन पेटेना. फिल्म तशीच चिकटवली, खालची कड बसेना. कड उचलून पुन्हा बटण दाबलं, तेव्हा पेटली. वाळलेलं गंधकुंकू उडून सगळं फिल्मखाली गेलं. पुसायला गेलो तर काच गुलाबी झाली.
शुभ दिवस म्हणून राममूर्ती रागावले नाहीत. कॉफी दिली. बाकीच्या गाड्यांचं जानेवारीत, पोंगलनंतर बघू, म्हणाले. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.
घरी कसं सांगू?  

११ ऑक्टोबर
क्षमाने बँकेला होकार कळवला. पोंगलपर्यंत थांब, असं तीनदा म्हणालो.  तिकिटं दोनच काढली आहेत. मी इथे धंदा सांभाळणार, हे तिने न सांगता ओळखलं.

१९ ऑक्टोबर, सकाळी
सामान बांधून झालं. कपाट घरमालकांचं आहे, अवनीचे स्टिकर तेवढे काढून द्या, असं क्षमा म्हणाली. गन जुन्या टूथब्रशने साफ केली. पहिल्याच बटणाला पेटली, गरम हवेने गोंद सैल झाला. वाघ निघाला, फुलपाखरं निघाली, उंची मोजायची जिराफाची पट्टी अखंड निघाली. बाबा, तुम्हाला छान येतं, असं अवनी म्हणाली.
कपाटावर एक डागसुद्धा राहिला नाही.